कपाचा कान निघाला तर?

हस्तकलेच्या प्रदर्शनात स्टॉल घ्यायचा तर आधी अर्ज भरावा लागतो. नाव, पत्ता, काय विकणार, टेबलं किती, विजेचे पॉइंट किती. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत अटी असतात आणि त्यांत बहुतेक ठिकाणी एक ओळ सापडतेच: स्टॉलमध्ये किंवा स्टॉलमुळे कोणाला इजा झाली, कोणाचं नुकसान झालं, तर जबाबदारी सर्वस्वी स्टॉलधारकाची राहील. ही ओळ कोणी वाचत नाही. जागा मिळाल्याच्या आनंदात सही होऊन जाते.

माझी आई स्टोनवेअरची भांडी करते. मग, वाडगे, बरण्या. अशा अर्जांवर तिनं कित्येक वर्षं सह्या केल्या आहेत. माझा मावसभाऊ सर्व्हेअर आहे. आग, अपघात, चोरी झाली की विमा कंपनीच्या वतीनं जाऊन नुकसानाची पाहणी करायची, हे त्याचं काम. यंदाचा अर्ज जेवणाच्या टेबलावर पडला होता. दादानं तो उलटून थेट शेवटचं पान वाचलं आणि दोघांची जुंपली. भीमथडी जत्रा असो, महालक्ष्मी सरस असो, काळा घोडा असो की गल्लीतल्या मंगल कार्यालयातलं दिवाळी प्रदर्शन, टेबलामागे उभ्या असलेल्या बहुतेकींची गत माझ्या आईसारखीच आहे. म्हणून तो वाद इथे देते. मला जे वाटतं तेही मधे मधे सांगेन.

दादा: मावशी, तुझा विमा आहे का?

आई: आहे की. भट्टीचा आहे, घरातल्या मालाचा आहे. बँकेनं कर्ज देतानाच उतरवायला लावला.

दादा: तो तुझ्या वस्तूंचा. आग लागली, चोरी झाली, तर तुझं नुकसान भरून द्यायला. मी विचारतोय ते उलटं. तुझ्यामुळे दुसऱ्या कोणाला लागलं, भाजलं, तर?

आई: माझ्यामुळे? मी काय फटाके विकते का?

दादा: कप विकतेस. लोक त्यात उकळता चहा ओततात.

आई: कप फुटला तर बदलून देते. वर्षानं आणला तरी देते. विचार कोणालाही.

दादा: कप बदलून देशील गं. हात कसा बदलून देणार? कान निघाला आणि चहा मांडीवर सांडला, तर दवाखान्याचं बिल कपाच्या किमतीत बसतं का?

आई: माझ्या कपाचा कान निघत नाही.

इथे थोडं थांबून कपाला कान कसा लावतात ते सांगते, कारण पुढचं सगळं त्या जोडावर उभं आहे. चाकावरून उतरवलेला कप सुकत सुकत एका टप्प्याला येतो. त्याला धक्का लागला तरी आकार बिघडत नाही, पण नखानं चरा मात्र पडतो. तेव्हाच कान लावायचा. जोडायच्या दोन्ही जागांवर काट्यानं चरे पाडायचे, स्लिप म्हणजे पातळ कालवलेली माती लावायची आणि दाबून बसवायचं. कप जास्त सुकलेला आणि कान ओला असला, तर सुकताना दोन्ही सारखे आकसत नाहीत. जोडापाशी केसाएवढी चीर पडते. पुढे भट्टीत ग्लेझ वितळतं, त्या चिरेवरून पसरतं आणि ती झाकून टाकतं. कप देखणा दिसतो. रोज गरम चहा, थंड पाणी, पुन्हा गरम चहा असं चालू राहिलं की चीर आतल्या आत वाढते. आई भट्टीतून काढलेला प्रत्येक कप टिचकी मारून ऐकते आणि बद्द आवाज आला की तिथेच फोडते. तिच्या हाताखालून वाईट कप सुटणं अवघड आहे. पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे, आणि दादाचं बोट नेमकं तिथे होतं.

दादा: तुझ्या कामाबद्दल मला शंका नाही. कायदा काय म्हणतो ते ऐक. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्यात उत्पादन दायित्वाचं वेगळं प्रकरणच आहे. वस्तूतल्या दोषामुळे कोणाला इजा झाली, तर भरपाई मागता येते. आणि त्या कायद्यात उत्पादक म्हणजे फक्त कारखानदार नाही. जो वस्तू बनवतो, तो उत्पादक.

आई: म्हणजे मी?

दादा: तू. शिवाय दुसऱ्यानं बनवलेल्या वस्तूवर आपली खूण लावणाराही उत्पादकच. दिवाळीत कुंभाराकडून पणत्या आणतेस, रंगवतेस, खोक्यावर तुझ्या नावाचं स्टिकर लावतेस. त्या पणत्याही कायद्यानं तुझ्याच.

आई: ते मला माहीत नव्हतं.

दादा: आता मला सांग, मायक्रोवेव्हमध्ये चालतो का म्हणून विचारलं, तर काय सांगतेस?

आई: चालतो म्हणते. चालतोच. सोनेरी काठाचे सोडून.

दादा: सोनेरी काठाचे सोडून, हे दर वेळी सांगतेस?

आई: गर्दी नसली तर सांगते. शेवटच्या दिवशी संध्याकाळी कोणाला काय सांगितलं, ते कसं आठवणार?

दादा: हेच महागात पडतं. सोनेरी काठात खरा धातू असतो, मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतात. तू ‘चालतो’ म्हणालीस, ती हमी झाली. दिलेली हमी खोटी ठरली तर, हमी देताना माझी काही हलगर्जी नव्हती, असं सिद्ध करूनही सुटका नाही. कसं वापरायचं, कशापासून जपायचं, हे नीट सांगितलं नाही, तर तोही दोष धरतात.

आई: साडेचारशे रुपयांच्या कपासाठी कोण कोर्टात जातंय?

दादा: कोर्ट नाही, जिल्हा ग्राहक आयोग. आणि साडेचारशे आहेत म्हणूनच जाणं सोपं. पूर्वी वस्तूची किंमत आणि मागितलेली भरपाई यांची बेरीज करून फी ठरायची. आता वस्तूसाठी मोजलेल्या पैशांवर ठरते आणि पाच लाखांपर्यंत फीच नाही. कप साडेचारशेचा, मागणी दोन लाखांची, फी शून्य. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

आई यावर थोडा वेळ गप्प राहिली. मला मात्र हा बदल चांगला वाटतो. भाजलेल्या माणसाला फीची भीती न बाळगता दाद मागता यावी, यात वाईट काय आहे? कोणी सांगावं, उद्या तो भाजलेला माणूस मी असेन. विम्याच्या चर्चेत आपण नेहमी टेबलाच्या आतल्या बाजूनं विचार करतो. बाहेरच्या बाजूला उभी असलेली बाईही आपल्यातलीच असते.

आई: बरं, समजा माझं गिऱ्हाईक तक्रार करेल. पण माझे निम्मे कप भेट म्हणून जातात. ज्याला लागलं त्यानं माझ्याकडून घेतलेलाच नसेल.

दादा: हा प्रश्न 1928 सालीच विचारून झाला आहे. स्कॉटलंडमध्ये पेझली नावाचं गाव आहे. तिथे एका बाईला मैत्रिणीनं जिंजर बिअर घेऊन दिली. बाटली गडद काचेची. निम्मी पिऊन झाल्यावर उरलेली ओतली, तर कुजलेली गोगलगाय निघाली, अशी बाईची तक्रार. बाटली तिनं विकत घेतलेली नव्हती, बनवणाऱ्याशी तिचा व्यवहारच नव्हता. तरी 1932 मध्ये लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं ठरवलं, की शेवटी जो वापरणार त्याच्याबद्दल काळजी घेणं हे बनवणाऱ्याचं कर्तव्य आहे. आपल्याकडचा कायदाही विकत घेणाऱ्याच्या संमतीनं वस्तू वापरणाऱ्याला ग्राहकच मानतो.

आई: आणि बरण्यांचं काय?

बरणीचा प्रश्न तिनं आपणहून काढला, हे मला विशेष वाटलं. कमी तापमानाला वितळणाऱ्या काही ग्लेझांमध्ये शिसं असतं. अशा बरणीत लोणचं, चिंच, ताक असलं आंबट ठेवलं की आम्लानं ते शिसं पदार्थात उतरतं. त्यानं एका दिवसात काही होत नाही, पण ते शरीरात साठत जातं आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सगळ्यात जास्त धोका. आई बाराशे अंशांवर भाजते आणि शिसं नसलेलंच ग्लेझ घेते. पण ग्लेझ बाजारातून येतं, डब्यावर लिहिलेल्यावर विश्वास ठेवावा लागतो. फुटलेला कप लगेच दिसतो. बरणीतलं शिसं दिसत नाही.

दादा: बरणीमुळेच मी म्हणतो, की प्रदर्शनाच्या चार दिवसांचा विमा आणि मालाचा विमा हे दोन वेगळे विषय आहेत. मंडपात लोखंडी जाळी कोणाच्या अंगावर पडली, वायरला पाय अडकून कोणी पडलं, स्पॉटलाइटनं पडदा पेटला, तर ते सार्वजनिक दायित्व. मंडप उतरला की तो धोका संपला. बरणी मात्र घरी जाते आणि वीस वर्षं फळीवर राहते. ते उत्पादन दायित्व. त्याच्या पॉलिसी बहुधा अशा असतात, की दावा ज्या वर्षी आला त्या वर्षी पॉलिसी चालू पाहिजे. यंदा उतरवली, पुढच्या वर्षी सोडली, आणि त्यानंतर कोणी जुन्या बरणीबद्दल तक्रार केली, तर काही मिळत नाही.

आई: म्हणजे एकदा चढलं की उतरायचं नाही. धंदा बंद केला तरी हप्ता चालूच?

दादा: दावा दाखल करायला वाढीव मुदत घेता येते, त्याचे वेगळे पैसे. पण हो, तुझं म्हणणं खरं आहे.

आई: आणि दुकानाची पॉलिसी? माझ्या शेजारच्या स्टॉलवाल्या बाईंची आहे. त्यांना वाटतं, त्यात सगळं आलं.

दादा: दुकानदारांच्या पॉलिसीत दायित्वाचा भाग असतो, पण तो सहसा पॉलिसीत लिहिलेल्या पत्त्यापुरता. दुकान सदाशिव पेठेत आणि स्टॉल मैदानावर, तर ती पॉलिसी मैदानावर येत नाही. तुझ्या हाताखालच्या मुलीला लागलं, तर तेही यात नाही. त्यासाठी कर्मचाऱ्यांच्या भरपाईचा विमा वेगळा. गिऱ्हाइकानं दुरुस्तीला दिलेली त्याची वस्तू तुझ्याकडे फुटली, तीही बहुधा बाहेर. आणि सार्वजनिक दायित्व विमा कायदा म्हणून 1991 चा कायदा आहे, त्याच्या नावावर जाऊ नकोस. तो भोपाळनंतर आला. घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे, तुझ्यासाठी नाही.

आई: हे नाही, तेही नाही. मग आहे काय त्यात?

दादा: एका अपघाताला किती आणि वर्षभरात मिळून किती, अशा दोन मर्यादा. त्यातला सुरुवातीचा ठरावीक भाग तू सोसायचास. त्याच्या वर ज्याला लागलं त्याची भरपाई, आणि तुझ्या बाजूनं लढायचा खर्च. हप्त्यावर अठरा टक्के जीएसटी.

आई: अरे, स्टॉलचं भाडं, टेम्पो, गवत-कागदात बांधणं, वाटेत फुटणारा माल, चार दिवस बाहेरचं खाणं. हे सगळं वजा करून हातात काय उरतं ते तुला ठाऊक नाही. माझं एक वेळ सोड. माझ्या रांगेत बचत गटाच्या बायका गोधड्या घेऊन येतात, वारली चित्रं घेऊन मुली येतात. त्यांच्या नफ्यात हा हप्ता कुठून बसवायचा? सक्ती झाली तर मोठे ब्रँड राहतील आणि हातानं काम करणारे बाहेर जातील. मग लोकांना सुरक्षित, पण कारखान्यातलेच कप मिळतील.

हे आईचं सगळ्यात वजनदार म्हणणं होतं आणि दादाकडे त्यावर पटकन उत्तर नव्हतं. न्यू जर्सीत राहणारी माझी एक मैत्रीण पैठणीच्या कापडाचे दागिने करते आणि तिथल्या दिवाळी मेळ्यांत विकते. तिकडच्या मेळ्यांत टेबल मिळण्याआधी विम्याचं प्रमाणपत्र मागायची पद्धत आहे. बऱ्याच ठिकाणी एका घटनेमागे दहा लाख डॉलर्सची मर्यादा लागते आणि पॉलिसीत आयोजकांचं नावही घालून द्यावं लागतं. तिथे कलाकारांसाठी एका मेळ्यापुरत्या किंवा वर्षभराच्या तयार पॉलिसी मिळतात, म्हणून तिचं भागतं. आपल्याकडे नियम तेवढा आणला आणि अशी छोटी पॉलिसी हाताशी नसली, तर पहिला बळी गोधडीवालीचाच जाईल.

दादा: पण स्कूटरचा थर्ड पार्टी भरतेस ना दर वर्षी? तो तुझ्यासाठी नसतो. रस्त्यावरच्या माणसासाठी असतो. परवडत नाही म्हणून कोणी सुटत नाही, आणि ते बरोबरच आहे.

आई: बरोबर आहे. पण स्कूटरनं कोणाला ठोकलं, तर मी उतरून त्याला उचलते. इन्शुरन्सवाले काय सांगतात? माझ्या मैत्रिणीच्या पॉलिसीत मी स्वतः वाचलंय. आमच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, देतो असं म्हणायचंही नाही. माझ्या स्टॉलवर लेकराला भाजलं आणि मी तोंडाला कुलूप लावून बसू? माझं नाव त्या कपाखाली कोरलेलं आहे. मी आधी चूक कबूल करेन, मग दुसरं काय ते.

दादा: मदत करायला कोणी अडवलेलं नाही. थंड पाणी घाल, रिक्षा कर, दवाखान्यात घेऊन जा, सोबत बस. ते कबुलीत येत नाही. ‘फार वाईट झालं, मला खूप वाईट वाटतंय’ हेही म्हण. लिहून मात्र देऊ नकोस, आणि रकमेचा शब्द देऊ नकोस.

आई: का? शब्द दिला तर काय बिघडलं?

दादा: कारण त्या क्षणी तुला माहीतच नसतं. कप पडला का? कोणी आधी आपटला होता का? कान जोडापाशी तुटला की मधे? जोडापाशी तुटला तर तुझा दोष असू शकतो, मधे तुटला तर बहुधा मार लागलेला. मी पन्नास ठिकाणी पाहिलंय, घाबरून माणसं नसलेली चूक कबूल करतात. आणि तू दहा हजार देते म्हणालीस, नंतर ऑपरेशन दीड लाखाचं निघालं, तर त्या दहा हजारांनी त्या पोराचं काय होणार? तुझ्या शब्दापेक्षा पॉलिसी त्याच्या जास्त कामाची आहे.

आई: आणि कान जोडापाशीच तुटला असेल तर? मला दिसतंय, मला कळतंय, तरी मी बोलायचं नाही?

दादा: आम्हाला कळव. त्याच दिवशी, लेखी. तुकडे जपून ठेव, फेकू नकोस. पाहणाऱ्याला खरं ते सांग, काही लपवू नकोस. लपवलंस तर पॉलिसी तुझ्याच विरुद्ध जाते. फक्त न्याय तू एकटीनं तिथल्या तिथे करू नकोस, एवढंच.

आई: हे ‘एवढंच’ नाही रे. ज्याच्या हातून झालं त्यानं समोर उभं राहून म्हणायचं असतं. कंपनीच्या पत्रानं ते होत नाही.

मी इथे आईच्या बाजूची आहे. दादानं सांगितलेली कारणं खरी आहेत, पण कबुली न देण्याची ती अट कंपनीच्या सोयीची आहे, आणि वस्तू बनवणारा व वापरणारा यांच्यात जे काही उरलेलं आहे, ते तिनं आणखी पातळ होतं. आई म्हणते तसा विमा कुठे असेल तर त्याचं कलम साधं हवं: मदत करा, दिलगिरी व्यक्त करा, खरं सांगा, रक्कम ठरवण्याचं काम आमच्यावर सोडा. अशी भाषा लिहिणं कोणत्याही कंपनीला जमण्यासारखं आहे. स्टॉलधारकांनी ती मागितली पाहिजे.

मग दादानं त्या अर्जावरच्या ओळीवर बोट ठेवलं.

दादा: आता हे बघ. ‘जबाबदारी सर्वस्वी स्टॉलधारकाची.’ यावर तू सही केलीस, तर कायद्यानं तुझी नसलेली जबाबदारीही तू करारानं अंगावर घेतलीस. आणि करारानं ओढवून घेतलेली जादा जबाबदारी पॉलिसीत सहसा बसत नाही.

आई: म्हणजे विमा उतरवला तरी ही सही मला बुडवणार?

दादा: त्या वाढीव भागापुरती, हो.

आई: मग तूच सांग, वायरिंग कोणाचं? आयोजकांचं. मंडप कोणाचा? त्यांच्या ठेकेदाराचा. बाहेर जायला वाट किती रुंद ठेवायची, कोणी ठरवलं? मागे एका प्रदर्शनात वाऱ्यानं कनात उडाली आणि बांबू शेजारच्या टेबलावर आला. दोन मिनिटं आधी तिथे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांना लागलं असतं तर त्या टेबलवालीनं भरायचं?

दादा: नाही. आणि तसं म्हणणारा निकाल आहे. मेरठमध्ये व्हिक्टोरिया पार्कवर ग्राहकोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन होतं. 10 एप्रिल 2006, शेवटचा दिवस. मंडपाला आग लागली, 65 माणसं गेली, शंभराहून जास्त भाजली. आयोजक म्हणाले, मंडप आणि वीज ठेकेदाराची, आमचा काय संबंध? प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टानं ते ऐकलं नाही. 2022 च्या एप्रिलमध्ये निकाल दिला: भरपाईची 60 टक्के जबाबदारी आयोजकांची, 40 टक्के राज्य सरकारची.

आई: 2006 ची आग आणि 2022 चा निकाल?

दादा: सोळा वर्षं. आणि भरपाईचा आकडा ठरवायचं काम त्याच्याही नंतरचं.

या सोळा वर्षांवर दोघंही बोलले नाहीत, पण माझ्या मते विम्याच्या बाजूनं यापेक्षा मोठं कारण नाही. कोर्टात बरोबर ठरणं आणि वेळेवर पैसे मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याचं माणूस गेलं त्याला दुसरी हवी असते. आयोजकाकडे आधीपासून मोठी पॉलिसी असेल, तर निदान पैसे आहेत की नाहीत, हा प्रश्न तरी उरत नाही.

आई: मग आयोजकांनीच घ्यावा ना विमा. माझ्या डोक्यावर कशाला?

दादा: घ्यावा. आणि घेतात तेही आहेत. गणपतीचं बघ. किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळानं 2025 साली 474 कोटींचा विमा उतरवला. त्यात दागिने आले, स्वयंसेवक आले, पुजारी आले. पण त्यातच 30 कोटींचं सार्वजनिक दायित्वही होतं. म्हणजे दर्शनाला आलेल्या माणसाला काही झालं तर. पाच दिवसांच्या उत्सवाला जर हे सुचतं, तर प्रदर्शनाला का नाही?

आई: त्यांच्याकडे पैसा आहे.

दादा: तुमच्याकडे डोकी आहेत. दोनशे स्टॉल असतील तर एक पॉलिसी आणि खर्च दोनशे ठिकाणी वाटलेला. दहीहंडीच्या गोविंदांसाठी सरकार गट विमा उतरवतं, तसंच. तो विमा गोविंदाला स्वतःला लागलं तर, हा दुसऱ्याला लागलं तर, एवढा फरक. पण एकत्र घेतला की स्वस्त पडतो, हे दोन्हीकडे खरं. फक्त एक बघायचं. पॉलिसीत एकट्या आयोजकाचं नाव असेल, तर तुला उपयोग नाही. उलट तुझ्या स्टॉलमुळे झालं म्हणून त्यांची कंपनी पैसे देऊन नंतर ते तुझ्याकडूनच वसूल करायला येऊ शकते. प्रत्येक स्टॉलधारक त्यात विमाधारक म्हणून आला पाहिजे.

आई: आणि भाड्याच्या पावतीत तो हप्ता वेगळा दाखवला पाहिजे. नाहीतर विम्याच्या नावानं भाडं दुप्पट करतील.

दादा: हे मला सुचलं नसतं.

आई: तुला भाडं भरावं लागत नाही.

मालाचं काय, म्हणजे कप आणि बरण्यांचं, हे मात्र गट विम्यानं सुटत नाही, आणि त्यावर दोघांचं शेवटपर्यंत जमलं नाही. दादा म्हणतो, तिनं स्वतःची छोटी उत्पादन दायित्वाची पॉलिसी घ्यावी. प्रस्तावात सगळं खरं लिहावं: वर्षाची विक्री किती, कशाकशात वापरायची भांडी, पणत्या दुसरीकडून घेते, परदेशात पाठवते का. अमेरिका आणि कॅनडातले दावे सहसा वेगळे पैसे भरल्याशिवाय धरत नाहीत, तेव्हा न्यू जर्सीला माल पाठवायचा तर आधी विचारावं. दावा नाकारला तर पुण्यात किंवा मुंबईत विमा लोकपालाकडे जाता येतं. एकमालकी धंद्याला आणि सूक्ष्म उद्योगालाही ती वाट खुली आहे आणि तिथे पैसे लागत नाहीत.

आई म्हणते, आधी मी माझं काम नीट करते, मग तुझा हप्ता. आणि तिनं खरंच केलं. आता प्रत्येक भांड्याच्या बुडाशी नावाबरोबर भट्टीचा क्रमांक असतो. वहीत त्या क्रमांकापुढे तारीख, ग्लेझ कोणाकडून आणलं, कोणत्या डब्यातलं, भट्टी किती अंशांपर्यंत गेली, हे सगळं. एका भट्टीतली बरणी सदोष निघाली, तर त्या भट्टीतल्या बाकीच्या कोणत्या, हे तिला सांगता येईल. ग्लेझचा नमुना तिनं शिशाच्या तपासणीला प्रयोगशाळेत दिला आहे. कपाबरोबर मराठीत छापलेलं कार्ड जातं: सोनेरी काठाचं भांडं मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, फ्रिजमधून काढून लगेच गरम करू नका, चीर दिसली तर वापर थांबवा आणि मला कळवा. शेवटच्या वाक्याखाली तिचा फोन नंबर आहे. दादानं त्या नंबरवर हरकत घेतली नाही.

दादा: एवढं करतेस, तर हप्तासुद्धा कमी लागेल बघ. वही आणि प्रयोगशाळेचा कागद प्रस्तावाला जोड.

आई: बघू. आधी ही ओळ.

अर्जावरच्या त्या ओळीवर तिनं पेननं काट मारली आणि वरच्या रिकाम्या जागेत दादाकडून लिहून घेतलं: मंडप, वीज आणि येण्याजाण्याच्या वाटा यांची जबाबदारी आयोजकांची, माझ्या मालातल्या दोषाची माझी. खाली सही. रांगेतल्या बाकीच्या बायकांनीही असंच लिहून द्यावं म्हणून ती सध्या एकेकीला फोन करते आहे. गोधडीवाल्या गटाच्या अध्यक्षबाईंनी तिला विचारलं, की काट मारली आणि स्टॉलच दिला नाही तर? आई म्हणाली, एकीला नाही म्हणतील, चाळीस जणींना कसं म्हणतील?

आयोजकांचं उत्तर अजून आलेलं नाही.